संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था

कॅथलिक चर्चमधील सामान्य श्रद्धाळूंनी, म्हणजे धर्मगुरू वा संन्यस्त नसलेल्या स्त्रीपुरुषांनी, आपापल्या धर्मग्रामातील (एका चर्चच्या क्षेत्रातील) व आसपासच्या गरजू कुटुंबांच्या घरी जाऊन त्यांना साहाय्य करण्यासाठी चालविलेली आंतरराष्ट्रीय सेवासंस्था. स्थापना पॅरिस येथे २३ एप्रिल १८३३ रोजी झाली. मुंबई-वसईकडे ती ‘एस.व्ही.पी.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. संस्थेला सतराव्या शतकातील फ्रेंच संत व्हिन्सेंट डी पॉल (१५८१–१६६०) यांचे नाव असले, तरी ती त्यांनी स्थापलेली नाही. त्यांनी लुईझ द मारियाक यांच्यासह १६३३ मध्ये सुरू केलेला ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा सिस्टरांचा संघ वेगळा. दोहोंच्या स्थापनेत बरोबर दोनशे वर्षांचे अंतर आहे, आणि नामसाम्यामुळे त्यांची गल्लत नेहमी होते.

जुलै १८३० च्या क्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये विद्यापीठीय वर्तुळात धर्माविषयी उघड तुच्छता होती. शहराच्या जुन्या वस्त्यांत कामगारांची दाटी आणि उपासमार होती. १८३२ च्या पटकीच्या साथीत एकट्या पॅरिसमध्ये सुमारे १८ हजार माणसे दगावली. अशा काळात एमान्युएल बायी या कॅथलिक पत्रकाराच्या आश्रयाने विद्यार्थ्यांचे एक इतिहास-चर्चामंडळ भरत असे. त्याला ‘कॉन्फरन्स’ म्हणत आणि तेथे कोणत्याही मताच्या तरुणाला बोलण्याची मुभा होती. ख्रिस्ती धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही स्वतः काय करता, असा प्रश्न तेथे सँ-सिमोंवादी, म्हणजे फ्रेंच समाजवादी विचारवंत सँ-सिमों याच्या अनुयायी, प्रतिपक्षाने विचारला. फ्रेडरिक ओझानाम (१८१३–१८५३) या कायद्याच्या विद्यार्थ्याला तो झोंबला. त्याने व त्याचा मित्र ऑग्युस्त ल तायांदिए याने घरात उरलेले सरपण उचलून एका गरिबाच्या दारी नेऊन टाकले, अशी आठवण संस्थेत परंपरेने सांगितली जाते. बायी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत सहा विद्यार्थी आणि स्वतः बायी अशा सात जणांची पहिली बैठक भरली, तो दिवस ओझानामच्या विसाव्या वाढदिवसाचा होता. बायी पहिले अध्यक्ष झाले. चर्चामंडळाचे ‘कॉन्फरन्स’ हे नावही नव्या कामाला चिकटले. स्थानिक शाखेला आजही तेच नाव आहे, जरी तिचा वादविवादाशी आता काही संबंध उरलेला नाही.

या तरुणांजवळ उत्साह होता, पण गरिबांची ओळख नव्हती. ती करून देणारी व्यक्ती म्हणजे पॅरिसच्या मुफतार भागात गोरगरिबांत राहणाऱ्या, डॉटर्स ऑफ चॅरिटी संघाच्या सिस्टर रोझाली रांद्यू (१७८६–१८५६). संस्थेचा पहिला खजिनदार ज्यूल देव्हो त्यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याला भेट देण्याजोग्या कुटुंबांची नावे दिली आणि मदतीच्या चिठ्ठ्या उसन्या दिल्या. घरात शिरल्यावर बसायचे कसे, विचारायचे काय आणि न विचारायचे काय, हेही या मुलांना त्यांच्याकडूनच शिकावे लागले. संस्थेच्या इतिहासात ओझानामचे नाव मोठे झाले, हे योग्यच. परंतु कार्याची रीत घडविण्यातील या सिस्टरांचा वाटा बराच काळ तळटीपेत राहिला, हे नमूद करणे आवश्यक आहे. २००३ मध्ये त्यांना ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. ओझानामला तो मान १९९७ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये मिळाला होता.

गृहभेट हा या संस्थेच्या कार्याचा कणा आहे. धर्मादाय कामाची बहुतेक रूपे गरजवंताला दात्याच्या दारी आणतात, मग ते अन्नछत्र असो, दवाखाना असो वा चर्चच्या दाराशी ठेवलेली पेटी असो. येथे क्रम उलटा आहे. सभासद सहसा दोघे मिळून, ठरलेल्या कुटुंबाकडे पुन्हा पुन्हा जातात. शिधा, औषधे, मुलांची फी, गळके छप्पर, थकलेले भाडे अशा निमित्ताने भेट सुरू होते, पण एकाकी म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसणे हेही कार्यच मानले जाते. मदत घेणाऱ्याचा धर्म विचारात घेतला जात नाही आणि मदतीच्या बदल्यात धर्माचरणाची अटही घातली जात नाही. घरात पाहिलेले व ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा दंडक कडक आहे, कारण लहान धर्मग्रामात कोणाच्या घरी शिधा गेला ही बातमी पसरायला वेळ लागत नाही.

कॉन्फरन्सची बैठक आठवड्याने किंवा पंधरवड्याने भरते. प्रार्थना, थोडे आध्यात्मिक वाचन, मागील इतिवृत्त, मग भेटींचे वृत्तांत आणि प्रत्येक कुटुंबाविषयी निर्णय, असा तिचा क्रम असतो. गुप्त वर्गणी हा तिचा सर्वांत जुना आणि बोलका विधी आहे. एक पिशवी हातोहात फिरते, प्रत्येक जण तीत हात घालतो, आणि कोणी किती टाकले किंवा काहीच टाकले नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही. या हाताचे त्या हाताला कळू नये, ही शिकवण येथे अक्षरशः पाळली जाते. त्यामुळे मोलमजुरी करणारा सभासद आणि बँकेतला अधिकारी एकाच टेबलापाशी बरोबरीने बसू शकतात. धर्मगुरू बैठकीला आध्यात्मिक सल्लागार म्हणून येतात. अध्यक्षपद सामान्य सभासदाकडेच असते.

वाढ अनपेक्षित वेगाने झाली. दीडदोन वर्षांत पॅरिसमधील सभासद शंभरावर गेले आणि एकच मंडळ ठेवावे की त्याचे भाग पाडावेत, यावर मित्रांमित्रांत तीव्र वाद झाला. १८३५ मध्ये विभागणी झाली आणि त्याच वर्षी नियमावली तयार झाली. त्यानंतर प्रत्येक धर्मग्रामात आपली शाखा हा नमुना रूढ झाला. रोममध्ये १८३६, डब्लिन व लंडनमध्ये १८४४, अमेरिकेतील सेंट लुईसमध्ये १८४५ आणि मेलबर्नमध्ये १८५४ साली शाखा निघाल्या. मोठ्या जाळ्याविषयी राज्यकर्त्यांना संशय वाटू लागला. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याचा गृहमंत्री पेर्सिन्यी याने १८६१ मध्ये काढलेल्या परिपत्रकामुळे फ्रान्समधील मध्यवर्ती मंडळ काही काळ मोडून पडले.

दानधर्माने दारिद्र्याची कारणे जात नाहीत, उलट झाकली जातात, हा आक्षेप संस्थेवर एकोणिसाव्या शतकापासून घेतला गेला आहे. काही ठिकाणी ‘लायक’ गरीब निवडण्याच्या नादात भेटीला चौकशीचे रूप आले, हेही खरे. मात्र खुद्द ओझानामला हा प्रश्न अनोळखी नव्हता. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात परकीय साहित्याचा प्राध्यापक आणि इटालियन कवी दान्तेचा अभ्यासक झालेल्या या माणसाने १८४८ च्या क्रांतीच्या वर्षी कामगारांची बाजू घ्यावी असे कॅथलिकांना जाहीरपणे सांगितले, निवडणूकही लढविली आणि तीत तो पडला. दया जखमेवर मलम लावते, तर न्याय जखम होऊ देत नाही, असा भेद तो करीत असे. पुढील पिढ्यांनी यातील पहिला भाग अधिक उचलला. अलीकडच्या दशकांत घरबांधणी, प्रशिक्षण आणि स्वयंरोजगाराला साहाय्य यांकडे वळलेले लक्ष हे त्या राहून गेलेल्या दुसऱ्या भागाकडे परतणे होय.

स्त्रियांना मूळ संस्थेत दीर्घकाळ प्रवेश नव्हता. इटलीत बोलोन्या येथे चेलेस्तिना स्काराबेल्ली यांनी १८५६ मध्ये स्त्रियांची समांतर संस्था उभारली. दोन्हींचे एकत्रीकरण १९६७ पर्यंत लांबले.

भारतात संस्थेचे कार्य १८६३ मध्ये मुंबईत सुरू झाले. केरळात तिच्या शाखा विशेष दाट आहेत. मुंबई व गोव्यातील धर्मग्रामांप्रमाणेच, १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतातील (बिशपच्या अधिकारक्षेत्रातील) मराठीभाषक धर्मग्रामांतही ती काम करते. परदेशातील एखादी कॉन्फरन्स भारतातील कॉन्फरन्सशी जोडून घेऊन तिला नियमित निधी पाठविते, अशी जोडीची पद्धत संस्थेत आहे. २७ सप्टेंबर हा संत व्हिन्सेंट यांचा, तर ९ सप्टेंबर हा ओझानाम यांचा स्मरणदिन म्हणून पाळला जातो.