'एक तत्त्व, तीन व्यक्ती' : दोन शब्दांच्या गुंत्याची पार्श्वभूमी

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव एक, पण पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आणि त्याच्याहून कमी, असं मानणारा एरियनवाद निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेने ३२५ साली फेटाळला, इथपर्यंतचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. खरी ओढाताण त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांतली, आणि तिचं मूळ 'ऊसिया' (तत्त्व) व 'हिपोस्तासिस' (पुढे 'व्यक्ती' या अर्थी रूढ झालेला) या दोन ग्रीक शब्दांत आहे.

पुत्र पित्याशी 'होमोऊसियोस', म्हणजे एकतत्त्व, असं परिषदेने ठरवलं. हा शब्द बायबलमध्ये नाही, ही तक्रार तेव्हाचीच. पण अडचण त्याहून खोल होती. निर्णयाच्या शेवटी वेगळं मानणाऱ्यांना दिलेल्या शापांत पुत्र 'वेगळ्या हिपोस्तासिसचा किंवा ऊसियाचा' असे दोन्ही शब्द एकाच अर्थाने आले. पूर्वेकडचे अनेक बिशप मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन हिपोस्तासिस, असंच शिकत आले होते. तिघांचा वेगळेपणाच पुसला जातोय, असं त्यांना वाटलं.

लॅटिनने गुंता वाढवला. 'हिपो' म्हणजे खाली, 'सब' म्हणजेही खाली. त्यामुळे हिपोस्तासिसचं शब्दशः भाषांतर होतं 'सब्स्टान्शिया', आणि लॅटिनमध्ये हा शब्द तत्त्वासाठी वापरत. आणि कार्थेजच्या एका लेखकाने तर तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच सब्स्टान्शिया एक आणि 'पर्सोना' (व्यक्ती) तीन, अशी मांडणी करून ठेवली होती. मग 'तीन हिपोस्तासिस' म्हटलं की पश्चिमेला तीन देव ऐकू येत आणि 'पर्सोना', म्हणजे मूळचा नाटकातला मुखवटा, ग्रीकांना नुसतं सोंग वाटे. मराठीत 'तीन व्यक्ती' म्हणताना आपणही थोडे अडखळतोच.

३६२ साली अलेक्झांड्रियाच्या बिशपाने एक छोटी सभा बोलावली. तिथे 'एक हिपोस्तासिस' म्हणणारे आणि 'तीन' म्हणणारे अशा दोन्ही पक्षांना विचारलं गेलं : या शब्दाने तुम्हाला म्हणायचंय काय? उत्तरं जुळली आणि दोघांनाही आपापला शब्द ठेवू दिला गेला. माझ्या मते चर्चच्या इतिहासात याहून शहाणी सभा क्वचितच झाली असेल, तरी तिला पाठ्यपुस्तकात दोन ओळीही मिळत नाहीत.

पुढे कॅपाडोशियातल्या (आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश) तिघांनी, दोघे सख्खे भाऊ आणि एक मित्र, हे दोन शब्द कायमचे वेगळे केले : ऊसिया एक, हिपोस्तासिस तीन. ३८१ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद याच पायावर उभी आहे. त्यांच्यातल्याच धाकट्या भावाने त्या शहरात या वादाने सगळ्यांना कसं घेरलं होतं, त्याचं वर्णन केलंय : पावाचा भाव विचारला तर दुकानदार सांगतो, पिता थोर आणि पुत्र धाकटा, आंघोळीचं पाणी तापलंय का विचारलं तर उत्तर येतं, पुत्र शून्यातून निर्माण झाला.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या बिशपाने, ऑगस्टीनने, नंतर प्रांजळपणे लिहिलं, की 'तीन व्यक्ती' म्हणायचं ते गप्प राहावं लागू नये म्हणून.

भाषांतराचा असाच गुंता पुढेही झाला. मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात, पवित्र आत्मा पित्यापासून निघतो असं होतं; पश्चिमेने त्यात 'आणि पुत्रापासून' हे शब्द घातले. ते पूर्व आणि पश्चिम चर्चच्या १०५४च्या फुटीत कळीचा मुद्दा ठरले आणि तो वाद आजही मिटलेला नाही. १९९५ साली रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, त्यावर खुलासा काढला. पवित्र आत्मा 'निघतो' यासाठी ग्रीक मतांगीकारातलं क्रियापद फक्त मूळ उगमापासून निघण्याविषयी बोलतं, लॅटिन क्रियापदाचा अर्थ त्याहून मोकळा आहे. आणि जुन्या भाषांतरांत दोन्ही एकच धरली गेली.