घाटाचे युनिट आणि घरचा प्लग

इलेक्ट्रिक स्कूटर घेणाऱ्याला साताऱ्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एका चार्जिंगला किती जाते?" कंपनीने छापलेला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगाने गाडी पळवून काढलेला असतो. त्या रोलरवर यवतेश्वरचा घाट नसतो. म्हणून आपल्याकडे किलोमीटरच्या आधी युनिट मोजावेत, असे मला ठामपणे वाटते. लाइट बिलात असते तेच हे युनिट: हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक. बऱ्याच स्कूटरच्या बॅटरीत दोन ते चार युनिट मावतात. आपण तीनची धरू.

समजा राजवाड्यावरून दोघे जण कासला निघाले. गाडी 120 किलो, दोघांचे मिळून 130, एकूण 250 किलो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर, कास पठार 1200 च्या आसपास. एवढे वजन 500 मीटर वर न्यायला किती ऊर्जा लागते, हे शाळेतल्या सूत्रानेच निघते: वजन किलोत, गुणिले 9.8, गुणिले उंची. उत्तर येते सव्वाबारा लाख ज्यूल. एका युनिटात 36 लाख ज्यूल असतात, म्हणजे हा झाला युनिटचा तिसरा हिस्सा. मोटर आणि तिला वीज पुरवणारा कंट्रोलर तापण्यात जाते ते धरून 0.4 युनिट. शिवाय 25 किलोमीटर रस्ता कापायला सपाटीवरही अर्धा-पाऊण युनिट लागतेच. पठारावर पोचेपर्यंत एक युनिट, म्हणजे बॅटरीचा तिसरा हिस्सा, संपलेला असतो आणि डिस्प्लेवरची रेंज पाहून पोटात गोळा येतो. पण तो आकडा बहुतेक गाड्यांत नुकत्याच झालेल्या प्रवासावरून काढलेला असतो. पुढे उतार आहे, हे त्याला ठाऊक नसते. परतीला तेच 500 मीटर तुमच्या बाजूने कामाला येतात आणि खर्च जातानाच्या मानाने फारच कमी होतो. काळजी करायची तर ती पाचगणीकराने करावी. पसरणी घाट उतरून तो वाईत येतो तेव्हा बॅटरी जवळपास होती तेवढीच दिसते, आणि खरा खर्च संध्याकाळी घरी चढताना व्हायचा असतो.

पाचगणी-महाबळेश्वरच्या लोकांनी आणखी एक गोष्ट जपावी. उतारावर थ्रॉटल सोडला की मोटर जनरेटरसारखी चालते, वीज बॅटरीत परत जाते आणि गाडीला आपोआप लगाम बसतो. मात्र बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर त्या विजेला जागाच उरत नाही. मग बॅटरीवर देखरेख करणारे सर्किट, म्हणजे बीएमएस, हा प्रवाह रोखते, लगाम ढिला होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सकाळी थेट घाट उतरायचा असेल तर रात्री 90 टक्क्यांवर चार्जिंग थांबवलेले बरे.

आता घराकडे. घरगुती चार्जर साधारण 750 वॅट बॅटरीला देतो आणि त्यासाठी भिंतीतून 830 च्या आसपास घेतो. 230 व्होल्टला हा करंट 3.6 अँपिअर, म्हणजे इस्त्रीपेक्षाही कमी. मग प्लग का वितळतात? इस्त्री दहा-वीस मिनिटे चालते, चार्जर चार-पाच तास न थांबता. सॉकेटची पितळी पकड सैल झाली असेल आणि त्या जागी अर्धा ओहम रोध तयार झाला असेल, तर करंटचा वर्ग गुणिले रोध या हिशोबाने तिथे साडेसहा वॅट उष्णता सतत निघत राहते. मण्याएवढ्या जागेला तेवढी उष्णता पुरते. त्यात व्होल्टेज डाउन असेल तर भर पडते. चार्जरला ठरलेले वॅट हवेच असतात, त्यामुळे 180 व्होल्टला तो 4.6 अँपिअर ओढतो आणि त्याच सैल जागी उष्णता साडेदहा वॅटवर जाते. गावाकडे संध्याकाळी पंपाच्या मोटारी सुरू झाल्या, दिवे मंदावले, की चार्जरचा प्लग जास्त तापतो तो यामुळे.

म्हणून गाडीसाठी वेगळा 15 अँपिअरचा पॉवर पॉइंट, त्याला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, आणि खरे अर्थिंग, एवढे वायरमनकडून करून घ्याच. अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आली की झाले असे नाही, ती जमिनीशी नीट जोडलेली आहे का हे मोजून घ्यावे लागते. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर पावसाळ्यात ओल येऊन करंट गळू लागताच वीज तुटते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत माडीवरून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडून गाडी चार्जिंगला लावलेली दिसते, ते पाहून मला खरोखर भीती वाटते. लांबलचक बारीक वायर, मध्ये दोन सैल जोड, वरून पागोळ्या. एकच जिना असेल तर त्याच्या तोंडाशी गाडी चार्जिंगला लावू नये. लिथियम बॅटरीने पेट घेण्याचे प्रकार कमी असतात, पण पेटलीच तर धूर काही क्षणांत वाट अडवतो. डिसेंबर 2022 पासून एआयएस-156 या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाच्या कडक चाचण्या टप्प्याटप्प्याने लागू झाल्या, त्यामुळे नव्या बॅटऱ्यांना पाणी आणि उष्णतेच्या अधिक कठोर परीक्षा द्याव्या लागतात. भिंतीतल्या सॉकेटची परीक्षा मात्र कोणी घेत नाही.

चार्जिंग शेवटी मंदावते, याचे कारण बॅटरीच्या आत आहे. लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. साताऱ्याच्या स्टँडवर लागलेली रिकामी एसटी पहिल्या दोन मिनिटांत अर्धी भरते, शेवटच्या जागांसाठी मात्र सरकासरक चालते, तसेच हे. अशा वेळी करंट तसाच रेटला तर आयन आत न जाता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू बनून साचतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून चार्जर आधी ठरलेला करंट देतो आणि सेलचा व्होल्टेज कमाल मर्यादेला भिडला की तो स्थिर ठेवून करंट उतरवत नेतो.

बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियमला तो लागू नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्टची म्हणजे एनएमसी बॅटरी रोजच्या वापराला 80-90 टक्क्यांपर्यंतच भरली तर जास्त टिकते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी, अधूनमधून पूर्ण भरावी, कारण तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ बदलतच नाही आणि बीएमएसचा हिशोब टोकालाच जुळतो. जुन्या लेड-ॲसिडची तऱ्हा वेगळी, ती रोज पूर्ण भरलीच पाहिजे. घाट चढून आलेली तापलेली बॅटरी अर्धा तास निवू द्यावी. फक्त महाबळेश्वरच्या कडाक्याच्या थंडीत, वेण्णा तलावाकाठी दव गोठते त्या दिवसांत, उलटे करावे. शून्याच्या आसपास आयन आत शिरायला फार वेळ घेतात, म्हणून पहाटेची वाट न पाहता संध्याकाळी ऊब असतानाच चार्जिंगला लावावे.

लांबच्या प्रवासात हायवेवर दिसणारे बरेचसे फास्ट चार्जर कारचे असतात आणि त्यांची गन बहुतेक स्कूटरना बसत नाही. निघण्याआधी आपल्या जोडणीचा चार्जर कुठे आहे ते पाहावे, नाहीतर घरचा चार्जर सोबत घेऊन हॉटेलवाल्याला 15 अँपिअरचा पॉइंट मागावा आणि युनिटचे पैसे न मागता द्यावेत. तासाभराच्या जेवणात पाऊण युनिट भरते.

जवळपास तेवढीच वीज वेग कमी ठेवूनही वाचते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 45 ऐवजी 60 च्या वेगाने जाताना तो पावणेदोन पट होतो. सातारा ते कराड साधारण 50 किलोमीटर. दोघे बसून 60 ऐवजी 45 ने गेले तर 17 मिनिटे जास्त लागतात आणि अंदाजे अर्धा ते पाऊण युनिट वाचते. सर्व्हिस रोड जिथे सलग आहे तिथे हा वेग जड वाहनांच्या मधे न येता राखता येतो.