पार्श्वभूमी : ‘अप्रीती’, चार्ज आणि ज्यूरी

पुराव्यातलं खरंखोटं ज्यूरीने, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, ठरवायचं, कायदा मात्र न्यायाधीशाकडून ऐकून घ्यायचा, ही वाटणी इंग्लंडातून इकडे आली. साक्षी आणि वकिलांची भाषणं आटोपली की न्यायाधीश ज्यूरीला जे समजावून सांगत, त्याला ‘चार्ज’ म्हणत. (आरोपीवर ठेवतात तो ‘चार्ज’ वेगळा. जुने वृत्तान्त वाचताना इथे हमखास घोटाळा होतो.) कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. सप्टेंबर १८९७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात केसरीकार टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा ती तशी राहिली नाही.

भारतीय दंड संहितेतल्या राजद्रोहाच्या कलम १२४-अ मधला कळीचा शब्द ‘डिसअफेक्शन’. पुढे कायद्याच्या मराठीत तो ‘अप्रीती’ झाला. १८९१ मध्ये कलकत्त्याच्या एका बंगाली साप्ताहिकावरील खटल्यात न्यायाधीशांनी त्याचा अर्थ प्रीतीच्या उलट भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा सांगितला होता. तिथे ज्यूरीचं एकमत झालं नाही. मुंबईच्या न्यायाधीशांनी सांगितलं, डिसअफेक्शन म्हणजे नुसता प्रीतीचा अभाव. पाठोपाठ द्वेष, वैर, तिरस्कार अशी यादीही दिली, पण गाजलं ते पहिलंच वाक्य. शिवाय भावना तीव्र की सौम्य हे पाहायचं नाही, दंगा झाला की नाही हेही नाही. मग ज्यूरीने ठरवायला उरलं काय? लेखकाचा हेतू. तोही मराठी लेखांच्या इंग्रजी भाषांतरावरून, आणि ९ पैकी ६ ज्यूरर युरोपियन! त्या ६ जणांनी दोषी म्हटलं, ३ हिंदी ज्यूररांनी निर्दोष. शिक्षा १८ महिने सक्तमजुरी.

चार्ज चुकला, म्हणजे ‘मिसडायरेक्शन’ झालं, हा मुद्दा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, गेला. अपिलाची परवानगीच मिळाली नाही. पण १८९८ मध्ये कलम दुरुस्त करून ‘डिसअफेक्शन’मध्ये राजनिष्ठेचा अभाव आणि वैराच्या सगळ्या भावना येतात असं लिहून टाकलं. अर्थ आधीच उघड होता, तर हा खटाटोप कशासाठी? टिळकांवरच्या १९०८ च्या राजद्रोह खटल्यात ज्यूरीचा कौल ७ विरुद्ध २, शिक्षा ६ वर्षं. न्यायासनावर होते ते १८९७ मध्ये याच आरोपीच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर.

नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या १९५९ च्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. लोक अजून त्या ज्यूरीला भावनाविवश म्हणतात. हायकोर्टाला मात्र चार्जमध्येच दोष सापडले: गोळी अपघाताने सुटली हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते, हे ज्यूरीला सांगितलंच नव्हतं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हायकोर्टाने दिलेली शिक्षा कायम ठेवली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीच नव्हती. तेव्हापासून कोर्टात ‘चार्ज’ म्हणजे फक्त आरोप.