पास पुढे गेला की हात पुढे गेले?

रग्बीचा एकच नियम ज्याला ठाऊक असतो, त्याला बहुधा हाच ठाऊक असतो: चेंडू काखोटीला मारून पुढे धावता येते, पायाने तो पुढे मारता येतो, पण हाताने पुढे फेकता येत नाही. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली आणि तेव्हापासून माझ्या परिचयातील काही जण घरी परदेशातले सामनेही पाहू लागले. तेवढ्या एका नियमाच्या आधारे त्यांनी पंचांना दोषी ठरवायला सुरुवात केली आहे. त्यांचा पुरावा साधा असतो. मैदानावरच्या आडव्या पांढऱ्या रेषेच्या अलीकडे चेंडू हातातून सुटला आणि पलीकडे सहकाऱ्याने तो झेलला, तरी शिट्टी वाजली नाही. थोड्या वेळाने अगदी तसाच दिसणारा दुसरा पास झाला, त्यावर मात्र वाजली. मग क्लिपवर लाल रेघ ओढली जाते, ‘पंच विकला गेला’ असा शेरा मारला जातो आणि ती गटागटांतून फिरू लागते. पंचांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेणे मुळीच गैर नाही, परंतु या आरोपापुरते बोलायचे तर चूक त्या लाल रेघेत आहे आणि ती भौतिकशास्त्राची चूक आहे.

वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमावलीत ‘फॉरवर्ड पास’ची व्याख्या चेंडू जमिनीवरच्या कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत गेला यावरून केलेली नाही. पास देताना खेळाडूचे हात प्रतिस्पर्ध्याच्या टोकाकडे गेले का, एवढेच पाहायचे असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही पळवाट वाटते. प्रत्यक्षात गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण देऊन मांडलेले सापेक्ष गतीचे तत्त्वच या व्याख्येत उतरले आहे.

जहाजाऐवजी आपली लोकल घेऊ. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने विरारकडे निघालेली फास्ट लोकल माटुंगा रोडला न थांबता जात आहे. डब्यातला एक प्रवासी मागे चर्चगेटच्या दिशेला बसलेल्या मित्राकडे पाण्याची बाटली सेकंदाला ५ मीटर वेगाने फेकतो. डब्यातल्या सर्वांना बाटली मागे गेलेली दिसते. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती सेकंदाला १५ मीटर वेगाने विरारकडेच जाताना दिसेल, कारण गाडीचा वेग हातातून सुटताना तिच्या अंगी होताच आणि फेकण्याने त्यातून फक्त ५ वजा झाले. दोघांचेही निरीक्षण अचूक आहे.

आता हेच मैदानावर पाहू. एक खेळाडू सेकंदाला ८ मीटर वेगाने सरळ पुढे धावत आहे. चांगल्या धावपटूसाठी हा वेग काही फार नाही. त्याच्या बाजूने ६ मीटर अंतर राखून धावणाऱ्या सहकाऱ्याला तो पास देतो. आपल्या शरीराच्या संदर्भात तो चेंडू आडव्या दिशेने सेकंदाला १० मीटर आणि मागच्या दिशेने ३ मीटर वेगाने सोडतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने पास सुमारे १७ अंश मागे आहे. आडवे ६ मीटर कापायला चेंडूला ०.६ सेकंद लागतात. जमिनीच्या संदर्भात चेंडूचा पुढच्या दिशेचा वेग ८ वजा ३, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, तेव्हा ०.६ सेकंदांत तो सुटल्या जागेपासून ३ मीटर पुढे जाऊन सहकाऱ्याच्या हाती पडतो. तेवढ्याच वेळात पास देणारा ४.८ मीटर पुढे पोहोचलेला असतो, त्यामुळे चेंडू त्याच्या १.८ मीटर मागेच राहतो. मैदानावरची रेघ मोजणाऱ्याच्या लेखी हा ३ मीटर पुढचा पास आहे आणि धावणाऱ्या दोघांच्या लेखी तो निर्विवादपणे मागचा आहे. जमिनीच्या हिशेबानेही चेंडू मागेच जावा असा आग्रह धरला, तर या खेळाडूला तो मागच्या दिशेने सेकंदाला ८ मीटरपेक्षा अधिक वेगाने, म्हणजे जवळजवळ ४० अंश मागे फेकावा लागेल, आणि पूर्ण वेगात धावताना पास देणेच व्यवहारात अशक्य होऊन बसेल.

खरी गंमत यापुढे आहे, आणि पंचांच्या निर्णयांत सातत्य का दिसत नाही याचे एक उत्तरही तिथेच सापडते. समजा, चेंडू हातातून सुटताक्षणी त्या खेळाडूला टॅकल झाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने त्याला धरून पाडले, आणि तो जागच्या जागी कोसळला. चेंडूला याची काहीही खबर नसते. तो आधीच्याच वेगाने, आधीच्याच वाटेने जातो आणि पडलेल्या खेळाडूच्या ३ मीटर पुढे झेलला जातो. पाहणाऱ्याच्या मनात पास देणाऱ्याचे शरीर हाच मोजमापाचा खुंटा असतो आणि तो खुंटाच थांबल्यामुळे पास उघड उघड पुढे गेल्यासारखा भासतो. आझाद मैदानालगतच्या बॉम्बे जिमखान्यावर भर पावसाळ्यात रग्बी खेळली जाते, तिथे टॅकलचीही गरज नसते; पास देता देता चिखलात पाय घसरला तरी हाच भास होतो. हातांची हालचाल दोन्ही वेळा तीच असेल तर निर्णयही तोच असला पाहिजे, आणि न्याय्यपणाचा अर्थ मी तरी एवढाच घेतो. जमिनीवरच्या रेघेची कसोटी लावली, तर एकाच प्रकारे दिलेला पास सावकाश चालणाऱ्या खेळाडूसाठी वैध आणि वेगाने धावणाऱ्यासाठी अवैध ठरेल, म्हणजे वेगवान खेळाडूला त्याच्या वेगाचीच शिक्षा होईल.

पंचही एका जागी उभा नसतो. वरच्याच उदाहरणात पंच खेळाडूच्या बरोबरीने धावत असेल, तर त्याला चेंडू सेकंदाला ३ मीटर मागे जाताना दिसेल. तो सेकंदाला ४ मीटर वेगाने मागून येत असेल, तर तोच चेंडू सेकंदाला १ मीटर पुढे जाताना दिसेल. आणि सीमारेषेजवळ थबकलेल्या साहाय्यक पंचाला तो ५ मीटर पुढे जाताना दिसेल. तिघांचे डोळे चांगले आहेत, तिघेही प्रामाणिक आहेत, तरीही तिघांनी ‘मला काय दिसले’ एवढ्यावरच निर्णय दिला, तर तो वेगवेगळा येईल. हातांकडे पाहण्याचा नियम तिघांनाही पास देणाऱ्याच्या संदर्भचौकटीत आणून बसवतो.

दूरदर्शनचा कॅमेरा यात आणखी भर घालतो. तो बहुधा मध्यरेषेजवळ उंचावर असतो आणि पास गोलरेषेपासून २२ मीटरवरच्या रेषेपाशी झालेला असतो, म्हणजे आपण ते दृश्य तिरकस पाहत असतो. अशा कोनातून पाहताना कॅमेऱ्यापासून दूर जाणाऱ्या चेंडूची निव्वळ आडवी गतीसुद्धा पडद्यावर पुढे किंवा मागे सरकल्यासारखी दिसते. मैदानावरच्या समांतर रेषा पडद्यावर एकमेकींकडे झुकतात, त्यामुळे पडद्यावर सरळ उभी ओढलेली लाल रेघ मैदानावरच्या कोणत्याच रेषेशी समांतर नसते.

याचा अर्थ पंच चुकत नाहीत असा नव्हे. २००७ च्या विश्वचषकात कार्डिफ येथे फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ असे हरवले, तेव्हा निर्णायक ट्रायच्या (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवण्याच्या) आधीचा फॉरवर्ड पास पंच वेन बार्न्स यांच्या नजरेतून सुटला, असे बहुतेक जाणकार मानतात. २८ ऑक्टोबर २०२३ रोजीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा बार्न्सच पंच होते आणि न्यूझीलंड दक्षिण आफ्रिकेकडून ११-१२ असे एका गुणाने हरले. लगेच हे पंच त्या संघाला ‘लाभत नाहीत’ अशी चर्चा झाली. आपल्याकडे क्रिकेट पंच रिचर्ड केटलबरो यांना भारतासाठी पनवती ठरवले गेले ते याच वळणाने. त्यामागचे कारण सरळ आहे: महत्त्वाचे सामने मोजक्या सर्वोत्तम आणि तटस्थ देशाच्या पंचांनाच मिळतात, म्हणून मोठ्या पराभवांच्या वेळी तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसतात. २०२४ चा टी-२० विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा तिसरे पंच केटलबरोच होते, हे मात्र पनवती म्हणणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. बार्न्स यांच्या कुटुंबाला तर धमक्या आल्या. अंधश्रद्धेला जेव्हा एखाद्या माणसाचा चेहरा मिळतो तेव्हा ती निरुपद्रवी उरत नाही.

पक्षपाताचे खरे स्रोत शोधायचे, तर प्रयोगांकडे वळावे. फुटबॉलच्या पंचांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रेक्षकांच्या आवाजासह चित्रफीत पाहणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध, आवाजाविना पाहणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. संथगती चित्रणाबद्दल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तीच कृती संथ करून दाखवली की पाहणाऱ्यांना ती अधिक हेतुपुरस्सर वाटते. ‘व्हिडिओ आला म्हणजे वाद संपला’ हा प्रचार म्हणूनच फसवा आहे. २०२३ च्या त्याच अंतिम सामन्यात दोन्ही कर्णधारांना डोक्याच्या संपर्कासाठी पिवळे कार्ड मिळाले आणि मैदानाबाहेरच्या अधिकाऱ्याने पडताळणी केल्यावर न्यूझीलंडचे सॅम केन यांचे लाल झाले, दक्षिण आफ्रिकेचे सिया कोलिसी यांचे पिवळेच राहिले. प्रक्रिया एकच होती. पण ‘धोक्याची तीव्रता’ ही हातांच्या दिशेसारखी मोजता येणारी राशी नाही, त्यामुळे तिथला मतभेद गणिताने मिटणारा नाही.

पासच्या बाबतीत मात्र मोजमापाची आशा आहे. २०२३ च्या वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत संवेदक (सेन्सर) बसवलेला चेंडू वापरून पाहण्यात आला. असा चेंडू स्वतःचा वेग सांगू शकतो, पण तो वेग जमिनीच्या संदर्भातला असतो, म्हणजे एकट्या चेंडूवर विसंबलो तर लाल रेघेचीच चूक अधिक अचूकपणे करून बसू. त्यातून पास देणाऱ्याचा त्या क्षणीचा वेग वजा करावा लागेल, आणि तो जर्सीच्या पाठीवरच्या यंत्रातून घेतला, तर कंबरेतून वळणाऱ्या खेळाडूच्या पाठीचा वेग आणि खांद्याचा वेग एकच नसतो. जवळजवळ आडव्या पासमध्ये आडवा वेग सेकंदाला १० मीटर असताना पुढच्या दिशेच्या वेगाच्या मापात सेकंदाला अर्ध्या मीटरची चूक झाली, तरी कोन जवळपास ३ अंशांनी हलतो आणि वैध पास अवैध ठरू शकतो. अशा वेळी पास किती अंश पुढे गेला म्हणजे शिट्टी वाजवायची, ती मर्यादा यंत्र बसवण्याआधी नियमावलीत लिहिलेली असावी आणि ती प्रेक्षकांनाही माहीत असावी.