पाच ओहम म्हणजे शॉर्ट नव्हे: शिफ्ट सॉलेनॉइड आणि प्रेशर सॉलेनॉइड

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उतरवला की व्हॉल्व्ह बॉडीवर, म्हणजे ऑइलच्या वाटा असलेल्या ब्लॉकवर, बोटाएवढे सॉलेनॉइड (विजेवर चालणारे ऑइलचे व्हॉल्व्ह) ओळीने बसलेले दिसतात. सगळे भाऊ-भाऊच वाटतात. एका जुन्या टोयोटावर मी पहिल्यांदा मीटर लावला, तेव्हा बाकीच्यांनी तेराच्या आसपास ओहम दाखवले आणि एकाने 5.3. म्हटलं, हा शॉर्ट! नवा मागवला. त्याचंही रीडिंग 5.3.

जुना ठणठणीत होता, फक्त जात वेगळी होती. शिफ्ट सॉलेनॉइडला दोनच गोष्टी कळतात, ऑइलची वाट उघडणं आणि बंद करणं. टोयोटाच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये त्याची कॉइल (आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं) 20 अंशांना 11 ते 15 ओहमची असते, त्यामुळे सरळ 12 व्होल्ट दिले तरी करंट एक अँपिअरच्या आसपासच राहतो. प्रेशर सॉलेनॉइड, म्हणजेच लिनिअर, हा नळासारखा थोडा-जास्त उघडतो. कंट्रोलर त्याचा सप्लाय सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून सरासरी करंट ठरवतो, आणि त्यावर ऑइलचा दाब ठरतो. त्याची कॉइल मुद्दामच कमी ओहमची. पुष्कळ मॉडेलमध्ये 5 ते 5.6. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्येच बघावा.

टेबलावर तपासतानाही हा फरक विसरून चालत नाही. शिफ्टवाल्याला बॅटरी लावली की खणखणीत ‘टक्’ येतो. लिनिअरला तशीच लावली तर सव्वादोन अँपिअर ओढून कॉइल तापते. म्हणून मध्ये 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब सीरिजमध्ये घालायचा आणि प्लंजर (आतला सरकणारा दांडा) हलतो का ते बघायचं.

मीटरच्या दोन्ही वायरी आधी एकमेकींना टेकवा. 0.3 दिसलं तर तेवढं रीडिंगमधून वजा करा. तेरा ओहमला त्याने बिघडत नाही, पण 5 ते 5.6 च्या चिंचोळ्या पट्ट्यात तोच 0.3 चांगल्याला वाईट ठरवतो. आणि गाडी गार होऊ द्या: तांब्याचा रेझिस्टन्स अंशाला साधारण 0.4 टक्क्याने वाढतो, म्हणजे 13 ओहमची कॉइल 80 अंशांना 16 दाखवते. टर्मिनल ते बॉडी मात्र दोघांचीही कंटिन्युइटी नको. मीटर बोलला तर कॉइल अर्थ झाली, म्हणजे बॉडीला टेकली. (ज्यांचा अर्थ स्वतःच्या बॉडीतून जातो, ते एका वायरीचे सॉलेनॉइड याला अपवाद.)

क्लचच्या भुकटीने प्लंजर अडकला असेल तर ओहम अगदी बरोबर येतील आणि गिअर तरीही पडणार नाही. स्कॅनरवर (गाडीचे फॉल्ट कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी0753 म्हणजे शिफ्ट सॉलेनॉइड ए ची आणि पी0748 म्हणजे प्रेशर सॉलेनॉइड ए ची इलेक्ट्रिकल तक्रार. यांच्यासाठी मीटर काढावा, पण चेंबर खोलण्याआधी बाहेरच्या कपलरवर (वायरिंगच्या जोडावर). मी हे उलटं केलं. त्या टोयोटात आतली एक वायर पिनेपाशी तुटत आली होती. कपलर हलवला की तेरा ओहम गायब व्हायचे.