दोन पेपर, दोन दारं

तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र आणि सत्ताशास्त्र (मुळात काय अस्तित्वात आहे याचा विचार) हे दोन पेपर शेजारीशेजारी दिसले की वाटतं, ही जोडी जुनीच असणार. युरोपात मात्र दोघं वेगवेगळ्या दारांनी विद्यापीठात आली.

पॅरिसला १२१५ साली पोपचे प्रतिनिधी रॉबेर द कूर्सों यांनी नियम घालून दिले. ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र शिकवायचंच. त्याच्या सत्ताशास्त्रावर आणि निसर्गविषयक ग्रंथांवर व्याख्यानं द्यायची नाहीत. युक्तिवाद कसा करावा हे शिकवण्यात चर्चला धोका दिसत नव्हता. जग मुळात काय आहे, ते अनादि आहे की निर्माण झालेलं, हा प्रश्न निघाला की खटका उडणारच. ही बंदी हळूहळू सैल होत गेली आणि १२५५ मध्ये कला शाखेने तेच ग्रंथ अभ्यासक्रमात घेतले. मधे ४० वर्षं गेली.

तर्कशास्त्र तेव्हा चक्क पाठ करायचं असे. ‘बार्बारा’ हे युक्तिवादाच्या एका साच्याचं लक्षात ठेवायला दिलेलं नाव. त्यातले तीन ‘आ’ म्हणजे तीन सर्वव्यापी होकारार्थी विधानं: सगळी माणसं मर्त्य, सगळे ग्रीक माणसं, म्हणून सगळे ग्रीक मर्त्य. आजही हे नाव शिकवतात.

आपल्याकडची वाट मला जास्त मोलाची वाटते. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘बालानां सुखबोधाय’ तर्कसंग्रह लिहिला. हा ‘बाल’ म्हणजे लहान मूल नव्हे. व्याकरण, काव्य, कोश झालेला, पण न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्याकडच्या तर्कपरंपरेत, नवखा असा विद्यार्थी. ग्रंथाचं नाव तर्काचं, पण सुरुवात होते द्रव्य, गुण, कर्म अशा सात पदार्थांपासून, म्हणजे जगात काय काय आहे इथून. मग २४ गुण, त्यांतला एक बुद्धी, आणि बुद्धीचे प्रकार उलगडता उलगडता येतं अनुमान: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. अनुमान हेही ज्ञान, ज्ञान हा आत्म्याचा गुण, म्हणून तर्काची जागाही पदार्थांच्या यादीतच. नवख्यासमोर दोन्ही विषय एकाच छोट्या पुस्तकात, एकात एक गुंफलेले.

इंग्रजीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती तर्कसंग्रह नीट आला १८९७ साली, ‘मुंबई संस्कृत माला’ या ग्रंथमालेतून. यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपा आणि महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली ही आवृत्ती. मूळ संहिता थोड्या पानांची, टिपा तिच्या कितीतरी पट.