पाऊस घटला तेव्हा प्रवरेचे पात्र का भरले?

नेवाशाजवळ प्रवरेच्या पात्रात उतरून काठाकडे पाहिले, तर नदीने कापलेली मातीची उभी भिंत दिसते. तिच्या तळाशी चुन्याने घट्ट सांधलेली रेव आणि काळ्या पाषाणाचे गुळगुळीत गोटे आहेत. त्यावर पिवळसर तपकिरी पोयट्याचे जाड थर असून त्यांत चुनखडीचे पांढरे खडे जागोजागी विखुरलेले आहेत. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५४ पासून याच परिसरातील रेवेच्या थरांत अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली आणि नेवासे पुरातत्त्वाच्या नकाशावर आले. हत्यारांइतकेच मोलाचे आहेत ते ज्यांत ती सापडली ते थर, कारण बदलत्या पावसाची नोंद त्यांत आहे.

प्रवरा उगम पावते ती रतनगडाच्या परिसरात, जिथे वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, नेवाशात, तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. मुळा, घोड, भीमा या नद्यांचीही हीच तऱ्हा आहे: पाणी घाटमाथ्यावरचे आणि वाटचाल अवर्षणप्रवण मुलखातून. त्यामुळे मोसमी पाऊस थोडा जरी कमीजास्त झाला, तरी त्याचा परिणाम या नद्यांवर चटकन उमटतो. समुद्राची पातळी खाली गेली की नदी तळ कापू लागते, आणि ती शेवटच्या हिमयुगात सुमारे १२० मीटरने खाली गेली होती; पण या नद्यांचे पाणी अखेर जिथे पोहोचते तो बंगालचा उपसागर इथून इतका दूर आहे की या वरच्या खोऱ्यांतील भर आणि झीज यांचे कारण मुख्यत्वे हवामानातच शोधावे लागते. भूशास्त्राचे अभ्यासक शरद राजगुरू आणि विश्वास काळे यांनी १९८७ साली या नद्यांच्या गाळाचा इतिहास मांडला, तोही याच दिशेने.

पाऊस कमी झाला की नदी रोडावेल आणि तिचे पात्र उथळ, शांत राहील, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, मोसमी वारे दुबळे असताना, या नद्यांनी आपली पात्रे गाळाने भरून काढली. पाऊस घटला तशी डोंगरउतारांवरची झाडी आणि गवत विरळ झाले, माती उघडी पडली, आणि अधूनमधून येणाऱ्या सरींनी ती धुऊन ओढ्यांत आणली; परंतु ती पुढे वाहून नेण्याइतके पाणी नदीत नव्हते. आलेला गाळ जागीच साचत गेला. पोयट्यातले चुनखडीचे खडे त्या कोरडेपणाची साक्ष देतात, कारण भरपूर पावसाच्या प्रदेशात चुना मातीत न साठता विरघळून निघून जातो.

सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस जोमाने परतला, तेव्हा सगळे उलट झाले. उतारांवर पुन्हा हिरवे आच्छादन आल्याने खाली येणारा गाळ घटला आणि नदीतले पाणी मात्र वाढले. वाहून नेण्याची ताकद आहे पण वाहायला पुरेसा गाळ नाही, अशा स्थितीत नदी स्वतःचाच तळ कापू लागते. प्रवरेने आपणच घातलेली भर अशी चिरली आणि काठांवर मळईची जमीन उंचावर राहिली. इनामगावला इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात नांदलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती घोड नदीच्या अशाच काठावर होती.

पाऊस आणि गाळ यांच्या नात्यातला खरा दुवा वनस्पतींचे आच्छादन हा आहे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या चर्चेत त्याचीच सर्वाधिक उपेक्षा होते. नदीविषयी बोलताना आपण पाण्याचा हिशेब मांडतो, गाळाचा मांडत नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, तेव्हापासून वरच्या खोऱ्यातला बराचसा गाळ जलाशयातच अडतो. दुसरीकडे पात्रातली वाळू दरवर्षी आपोआप भरून येणार आहे अशा समजुतीने उपसली जाते.

आता पाऊसही जुन्या चालीवर राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, आणि त्याच वेळी मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र घटत होते. नेवाशाच्या काठातल्या थरांवरून आपण दोन स्थिती ओळखतो: उघडे उतार आणि दुबळी नदी, किंवा झाकलेले उतार आणि सशक्त नदी. उघडे उतार आणि अवचित येणारे मोठे पूर ही जोडी यांपैकी कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. तिचा पहिला मार बहुधा काठच्या पोयट्याला बसेल, कारण तो भुसभुशीत आहे. नेवासे आणि संगमनेर परिसरात त्यात आधीच खोल घळी पडलेल्या आहेत, आणि अशा प्रत्येक घळीचे तोंड जोरदार पावसागणिक मागच्या शेताच्या बांधाकडे सरकत असते.